कळलावी आणि आमचं अंगण

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. चंद्रपूरचा उन्हाळा हे एक कारण (ते सगळ्यांना माहीत आहे) आणि आळस हे दुसरं (ते घरच्यांना माहीत आहे). पण परवा पहिला दमदार पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या कुंपणापाशी जमिनीतून बोटभर हिरवं टोक वर आलेलं दिसलं. टोकदार, घट्ट गुंडाळलेलं, भाल्यासारखं. माझी कळलावी आली!

ज्यांनी आमच्याकडचा मे महिना पाहिलेला नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. नवतप्यात इथे पारा ४६-४७ अंशांवर जातो. मोगरा आणि जास्वंद दोन वेळा पाणी देऊनही माना टाकतात. कुंड्यांतली माती तर विटेसारखी होते. कळलावीच्या जागेला मात्र मी डिसेंबरपासून एक तांब्याही पाणी घातलेलं नव्हतं. तिथे काही आहे हे सांगणारी एक वाळकी काडी होती, तीही फेब्रुवारीत झाडताना गेली. सहा महिने नुसती भेगाळलेली जमीन, आणि मग एका पावसात हे.

खरं तर पाण्याअभावी तग धरणं वेगळं आणि हिचं वेगळं. बाकीची झाडं उन्हाळ्याशी झुंजतात, ही झुंजतच नाही. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागतात, वेल वाळतो, आणि सगळा जीव खाली कंदात जाऊन झोपतो. ताडोब्याच्या किंवा आलापल्लीच्या जंगलात एप्रिल-मेमध्ये पालापाचोळा पेटतो, तेव्हासुद्धा हा कंद चार-सहा बोटं खाली सुखरूप असतो. जुना कंद दरवर्षी सुकतो आणि त्याच्या अन्नावर नवा तयार होतो, त्यामुळे बारमाही म्हणायचं ते झाड नेमकं कुठलं, असाही प्रश्न पडतो. असो.

आमच्याकडे ही आली ती मोठ्या आईकडून. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, सिंदेवाहीकडच्या एका गावात राहायची. तिच्या शेताच्या धुऱ्यावर, बोराटीच्या काट्यांतून श्रावणात ही वेल वर यायची आणि लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं लागायची. लहानपणापासून मी ती पाहत होते. २०१६ साली आम्ही चंद्रपुरात स्वतःचं घर बांधलं, मागे थोडी जागा निघाली, आणि मी तिला म्हटलं, मोठी आई, मला तो कंद दे. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"लावू नोको माय, घरात भांडनं लागते."

मी हसले. ती नाही हसली. "धुऱ्यावर हाये ते ठीक हाये. आंगनात कोनी लावते काय कळलावी?"

कोणी लावत नाही, हे खरंच होतं. आठवून पाहिलं तर आमच्या सगळ्या नात्यागोत्यात एकाच्याही दारात मला ती आठवेना. कण्हेर विषारी, धोतरा विषारी, पण कण्हेर दारात आणि धोतरा महादेवाला चालतो. मग हिनेच काय केलं होतं? तेव्हापासून मी जमेल तसं वाचत गेले. हा लेख म्हणजे त्याचीच गोळाबेरीज.

सुरुवात नावापासून. "कळलाव्या" हा शब्द आपण नारदमुनींसाठी वापरतो. इकडचं तिकडे करून भांडण पेटवून देणारा तो कळलाव्या. तेव्हा कळलावी म्हणजे भांडखोर, दारात लावली की सासू-सुनेचं जुंपणार, हे अगदी सरळ वाटतं. पण कळ म्हणजे वेदनाही. पोटात कळ येते, बाळंतिणीला कळा येतात. कळ लावणारी म्हणजे कळा आणणारी. माझ्या मते हाच अर्थ आधीचा असावा आणि भांडणाचा अर्थ मागाहून चिकटला असावा, कारण संस्कृतातल्या नावांमध्येही ती बाळंतपणाची खूण आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात हिला नावंच नावं आहेत: कलिहारी, हलिनी, लांगली, अग्निशिखा, विशल्या, गर्भनुत्. हलिनी आणि लांगली ही नावं कंदावरून पडली. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन फाट्यांचा असतो, बघणाऱ्याला नांगर आठवतो. अग्निशिखा फुलावरून. विशल्या म्हणजे शल्य बाहेर काढणारी. आणि गर्भनुत् म्हणजे गर्भाला ढकलणारी, ते तर उघडच आहे.

एकीकडे गर्भ सुखरूप बाहेर काढणारी आणि दुसरीकडे गर्भ पाडणारी. एकाच कंदाला दोन्ही कामं सांगितलेली.

जुन्या वैद्यकात हिचा वापर बऱ्यापैकी जपून केलेला दिसतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, प्रसूतीच्या वेळी हुंगायला द्यायच्या चूर्णात कोष्ठ, वेलदोडा, वेखंड, चित्रक यांच्याबरोबर लांगली आहे. सुश्रुतात वार पडत नसेल तर हिच्या मुळाचा लेप हातापायांच्या तळव्यांना लावायला सांगितला आहे. म्हणजे हुंगायचं किंवा बाहेरून लावायचं, गिळायचं नाही. नंतरच्या रसशास्त्राच्या ग्रंथांनी तर हिला सरळ उपविषांत घातलं, रुई, धोतरा, कण्हेर, गुंज, अफू यांच्या पंगतीत, आणि वापरण्याआधी गोमूत्रात भिजवून शोधन करायला सांगितलं. आजही आपल्या औषधविषयक कायद्याच्या नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची जी यादी आहे तिच्यात लांगली आहेच.

बाहेरून लावलेल्या लेपाने कितपत फरक पडत असेल, यावर माझा फारसा विश्वास नाही. पण जिथे दुसरं काहीच नव्हतं तिथे हे होतं, हेही विसरता येत नाही. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. आजही पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. आता कल्पना करा शंभर वर्षांपूर्वीच्या श्रावणाची. ओढे भरलेले, वाट नाही, एका झोपडीत बाई अडलेली आणि दाईच्या हाताशी काय, तर कुंपणावर फुललेली कळलावी. ज्या महिन्यांत माणूस कुठेही जाऊ शकत नाही नेमक्या त्याच महिन्यांत ही जमिनीवर असते, एरवी हुडकूनही सापडत नाही. हा योगायोगच, पण मला तो फार अस्वस्थ करतो. कारण अडलेल्या बाईला कधी लेप लावला गेला असेल आणि कधी घाबरून, घाईने, थोडं उगाळून पाजलंही गेलं असेल. नको असलेला गर्भ असेल तर नक्कीच. त्यातल्या किती जणी वाचल्या आणि किती गेल्या हे लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. पोटात कळ उठवणारी, हे नाव देणाऱ्या बाया होत्या, आणि त्यांना ते कशामुळे माहीत होतं हा विचार केला की फूल बघताना गंमत वाटत नाही.

गडचिरोलीतल्या बायका आणि झाडं यांच्या नात्यावर डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' नावाचं पुस्तक आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. अभय आणि राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यापासून गडचिरोलीत काम सुरू केलं, गावातल्या बायकांच्या आजारांवरचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये आणि घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याबद्दलचा १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, हे बहुतेकांना माहीत असेल. पण मला त्या सगळ्यात हे पुस्तक जवळचं वाटतं. झाडाला मैत्रीण म्हणणाऱ्या बायांकडे झाडांचं केवढं ज्ञान असतं, ते आपल्यासारख्या शहरात येऊन बसलेल्यांना चटकन समजत नाही. मोठी आईही त्यातलीच.

आता जरा लांब जाऊ. सतराव्या शतकात कोचीनला डच गव्हर्नर होता, हेंड्रिक व्हान ऱ्हेडे. त्याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन हा वैद्य त्यात मुख्य माहितगार. आणि त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तीन कोकणी बोलणारे वैद्य होते, ज्यांचं १६७५ सालचं देवनागरीतलं कोकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. या ग्रंथात कळलावी आहे, मेंदोनी या मलयाळी नावाने. १७५३ मध्ये लिनियसने तिचं नाव ग्लोरिओसा सुपर्बा ठेवलं. म्हणजे वैभवशाली आणि वर दिमाखदार! आमच्याकडे भांडखोर, तिकडे दोन-दोन विशेषणं. फक्त चित्रात आणि काचघरात पाहिलं की असं होतं बहुतेक.

तमिळ लोकांचं मात्र तसं नाही. त्यांच्या डोंगरांत ती वाढते, विषारी आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरीही ती त्यांची लाडकी. कपिलर या कवीच्या कुरिंजिपाट्टु या संगमकालीन काव्यात मुलींनी गोळा केलेल्या ९९ फुलांची यादी आहे, तिची सुरुवातच हिच्यापासून होते. तमिळनाडूचं राज्यफूलही हेच. आफ्रिकेत झिंबाब्वेचंही हेच राष्ट्रीय फूल. १९४७ मध्ये तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या शाळकरी मुलांनी पैसे गोळा करून राजकन्या एलिझाबेथला तिच्या एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला होता. आणि फार लांब कशाला, आपल्या कोकणात गौरीच्या पूजेत ही फुलं असतात. तेव्हा अंगणात नको हा नियम सगळीकडचा नाही. माझी एक रत्नागिरीची मैत्रीण मोठ्या आईचं ऐकून खो खो हसली होती.

इंग्रजांच्या काळात डॉक्टर मंडळींनी हिचा अभ्यास सुरू केला. मुंबईच्या विल्यम डायमॉकने वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर १८९० ते १८९३ मध्ये 'फार्माकोग्राफिया इंडिका' काढलं, त्यात ही आहे. वॉर्डनने कंदातला कडू अंश वेगळा काढून त्याला सुपरबाइन नाव दिलं होतं. मद्रासचे डॉ. मुदीन शरीफ यांचं मत तर असं की हा कंद लोक समजतात तितका विषारी नाहीच. माझ्या वाचनातली ही सगळ्यात धक्कादायक गोष्ट. एवढा अनुभवी माणूस, आणि मोठी आई जे जाणत होती ते त्याला मान्य नव्हतं! गोंधळ वाढवायला आपल्या भाषेतली नावं होतीच. खड्यानाग तर म्हणतातच, पण बाजारात हिला बचनागही म्हणतात, आणि खरा बचनाग म्हणजे हिमालयातलं वेगळंच झाड, वेगळंच विष.

१९१५ मध्ये उलगडा झाला. हिच्या कंदात कोल्चिसिन सापडलं. हे द्रव्य युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या कंदातून आधीच माहीत होतं, तिकडे गाऊटवर, म्हणजे सांध्यांच्या त्या भयंकर ठणक्यावर, ते शतकानुशतकं वापरात होतं. आजही वापरतात. ते काम कसं करतं हे मला समजलं तेव्हा कळलावी या नावाकडे मी नव्याने पाहिलं. पेशी दुभंगताना तिच्यातली गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेणारे अतिशय बारीक धागे तयार होतात. कोल्चिसिन ते धागे बनूच देत नाही. पेशी दुभंगायच्या बेतात अडकून पडते. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्लेक्सलीने धोतऱ्यावर हेच वापरून गुणसूत्रांची संख्या दुप्पट केलेली झाडं तयार केली, आणि पुढे जगभरच्या रोपशास्त्रज्ञांना ते एक हत्यारच मिळालं. पण माणसाच्या पोटात गेलं की जिथे पेशी भराभर वाढतात तिथे ते आधी घाव घालतं. आतड्याचं अस्तर, मग हाडांतला मगज, मग केसांची मुळं. म्हणून आधी उलट्या-जुलाब, मग रक्त बिघडणं, आणि त्यातून कोणी वाचलंच तर काही दिवसांनी डोक्यावरचे केस झडतात. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तिथे त्याला नियंगला म्हणतात. या विषावर हमखास उतारा नाही.

आणि गर्भ म्हणजे तरी काय, भराभर दुभंगणाऱ्या पेशीच की.

तर मोठ्या आईचं म्हणणं चुकीचं होतं का? भांडणाबद्दल, हो. आमच्या घरात कळलावी यायच्या आधीही पुरेशी भांडणं होती, ह्यांना विचारा. :) पण त्या समजुतीने काय केलं ते बघा. लहान मुलं जिथे रांगतात त्या अंगणापासून ती वेल दूर राहिली. आणि दुसरं म्हणजे धुऱ्यावरची वेलही शिल्लक राहिली, कारण तिला कोणी हात लावत नव्हतं. भीतीने दोघांनाही राखलं, मुलांना आणि वेलीला.

ती भीती गेली ती पैशामुळे. औषध कंपन्यांना कोल्चिसिनसाठी हिचं बी हवं असतं. तमिळनाडूत करूर, दिंडिगुल, तिरुप्पूरकडे शेतकरी हिची रीतसर शेती करतात. तारांवर वेल चढवतात आणि सकाळी सकाळी फुलाफुलाला हाताने पराग लावत फिरतात, कारण या फुलाची स्त्रीकेसराची दांडी मुळातूनच काटकोनात बाहेर वळलेली असते, आपोआप फळ धरणं अवघड. ती शेती बघायची मला फार इच्छा आहे. पण लावायला कंद लागतात, ते बरेचसे जंगलातून खणून येत आले आहेत. आणि मध्य भारतातही जडीबुटीवाल्यांसाठी कंद खणला जातो. पान तोडलं तर वेल पुन्हा येते. कंद गेला की संपलं. बियांपासून रोप करायचं तर उगवायलाच महिनोन् महिने, आणि फूल यायला तीन-चार वर्षं.

इथे आमच्या भागाचा एक आशेचा धागा आहे. २००६ चा वनहक्क कायदा. त्यात गौण वनोपजाची व्याख्या दिली आहे, तिच्यात बांबू, मध, तेंदू यांच्याबरोबर मुळं आणि कंद असे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. सगळ्यांनी लिहिलं ते २०११ मधल्या बांबूच्या वाहतूक परवान्यांबद्दल, आणि ते योग्यच होतं. पण त्याच कायद्याने कळलावीचा कंद खणायचा की राहू द्यायचा हे ठरवणंही ग्रामसभेच्या हातात आलं, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही.

माझा कंद मात्र जंगलातला नाही, धुऱ्यावरचा आहे, हे आवर्जून सांगते. शेवटी मोठ्या आईने दिला तो २०१७ च्या मे महिन्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि "माह्या नाव नोको सांगू कोनाले" असं बजावून. (आता ती नाही, म्हणून सांगते आहे.) पहिलं वर्ष मी वाया घालवलं. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो आणि तो काचेसारखा ठिसूळ. मी एक फाटा उभा खोचला आणि डोळाच मोडला. दुसऱ्या फाट्याने जेमतेम हातभर वेल दिली, फूल नाही. शिवाय आमची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कंद सडतो. पुढच्या उन्हाळ्यात फूटभर खड्डा करून मुरूम, रेती आणि पालापाचोळ्याचं खत भरलं आणि कंद आडवा, चार बोटं खोल निजवला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पहिलं फूल आलं. कळी मान खाली घालून येते, मग पाकळ्या उलट्या वर वळतात, आधी हिरवट, मग पिवळ्या, मग टोकाकडून लाल होत होत सगळं फूल पेटतं. पाच-सहा दिवस हा खेळ चालतो. पानाच्या टोकाचा तणावा होऊन ती वर चढते, त्यामुळे तिला काटक्यांचा आधार लागतो. मी पळाट्या रोवते. सूर्यपक्षी येतात.

आता खरी अडचण. या पावसाळ्यात लेक नातीला घेऊन तीन महिने राहायला येते आहे. नात दोन वर्षांची आहे, सापडेल ते तोंडात घालते. शेंग वाळून उकलली की आत लालभडक दाणे असतात, अगदी डाळिंबासारखे. लेकीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आई, काढून टाक ना ते. ह्यांचंही तेच मत पडलं. दोन दिवस घरात अबोला. म्हणजे मोठ्या आईचं खरं झालंच म्हणायचं!

काढून टाकायचं माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण डोळा वर आल्यावर कंद हलवला तर हे वर्ष जातं, कदाचित कंदही. शेवटी परवा सुताराला बोलावून कुंपणाच्या त्या कोपऱ्याला छातीइतक्या उंचीची जाळी लावून घेतली, कडी वरच्या बाजूला. फुलं झाली की शेंगा हिरव्या असतानाच कापून जाळायच्या, हात मोजे घालूनच लावायचा, आणि गळलेलं काही राहिलं नाही ना हे रोज सकाळी बघायचं, असं लेकीला कबूल केलं आहे. बी धरायचं नाही म्हणजे नवी रोपं नाहीत, पण कंद दरवर्षी दोन फाट्यांचा होतोच. त्यातला एक मला पुढच्या मेमध्ये सिंदेवाहीला नेऊन पुन्हा त्या धुऱ्यावर लावायचा आहे. मागच्या वर्षी गेले तेव्हा तिथे आता तारेचं कुंपण झालं होतं आणि बोराटीही नव्हती, कळलावीही नव्हती. चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, "कोनी तरी खोदून नेली असंल."

आज सकाळी मोजले, तीन डोळे वर आले आहेत.